अस्वलाच्या तेलाचं गिऱ्हाईक

या घरच्या थोरल्या सुनेची नोकरी म्हणजे लोकांच्या घरात शिरून नको ते विचारायची. अस्वलाच्या चरबीचं तेल चोरून कोण विकतं ते पोलीस बघतात. ते घेतं कोण आणि कशासाठी, हे शोधणं हिच्याकडे. अस्वलं वाचवायची तर आधी गिऱ्हाईक कळायला हवं, असं तिच्या साहेबांचं म्हणणं.

पण गिऱ्हाईक सापडेल तर शपथ. सोफ्यावर टेकून तिने "तुम्ही हे तेल घेता का?" म्हटलं, की माणसं कानावर हात ठेवत. आम्ही नाही बुवा, वरच्या मजल्यावर विचारा. वरचे खाली बोट दाखवत. एका इमारतीत तर संशय फिरत फिरत वॉचमनच्या मांजरापर्यंत पोचला. शेवटी साहेबांनी बजावलं, की या आठवड्यात एकही गिऱ्हाईक बोललं नाही तर ही पाहणी बंद आणि तुम्ही परत साबणाच्या सर्व्हेवर. आता साबण म्हटलं तरी तिच्या अंगावर काटा यायचा.

संध्याकाळी ती तोंड पाडून घरी आली, तर सासूबाई पाय लांब करून गुडघ्याला बाटलीतलं काहीतरी चोळत बसलेल्या. पोलिसांकडच्या बाटल्यांमुळे वास ओळखीचा. ओळखीचा कसला, त्याच्याच मागे तर ती दारोदार वणवण करत होती.

"आई, हे तुम्ही घेतलंत?"

"मी कशाला घेतेय? माझ्या लेकीने आणलंय," सासूबाई म्हणाल्या, जणू लेकीने विमानच आणून दारात उभं केलंय.

"गुण येतो?"

"गुडघा आहे तसाच आहे. पण चोळल्याशिवाय राहवत नाही गं. एवढी धडपड करून आणलंय पोरीने."

घरचं माणूस पाहणीत धरता येत नाही, पण विचारायचं काय ते सुनेला उमगलं. दुसऱ्या दिवशी त्या मांजरवाल्या इमारतीत तिने तेलाचं नावच काढलं नाही. गुडघे कोणाचे दुखतात आणि त्यांची काळजी कोण घेतं, एवढंच विचारलं. तळमजल्यावरच्या आजोबांनी कपाटातून बाटली काढून मुलाचं कौतुक सुरू केलं. ते ऐकून वरच्या काकू तरातरा खाली आल्या. त्यांच्या जावयाने तर म्हणे याहून मोठी आणली होती.

जिन्यातूनच तिने फोन लावला. "साहेब, आपण भलत्यांनाच विचारत होतो. तेल लावणारे वेगळे, घेणारे वेगळे. आईबापासाठी काहीतरी केलं म्हणून मुलं घेतात. आता मुलांकडे जायला हवं."

साहेब म्हणाले, "जा. सुरुवात कुठून करणार?"

"या इमारतीपासून. आमच्या घरच्या एकीशी मात्र मला वहिनी म्हणूनच बोलावं लागेल."