मेंढराची खूण आणि बायजाचं नाव

सुनंदाताईंचा फोन आला तेव्हा मी साताऱ्यात पोहे परतत होते. "मॅडम, उद्या आयांची बैठक हाय. पोरं काढून विट्याच्या इंग्रजी शाळेत घालायची म्हणत्यात. या की!"

ताई आटपाडीकडच्या एका वाडीत अंगणवाडी चालवतात आणि त्यांना शिकवण्यात मदत करणं हे माझं काम. गिरवणं थांबवा, गोष्टी वाचून दाखवा, नावांची कार्डं करा, हे मीच त्यांच्या गळी उतरवलं होतं. आता कोऱ्या पाट्या बघून आया खवळल्या होत्या. पोरं गेली तर अंगणवाडी ओस पडणार. जायलाच हवं होतं.

सकाळची एसटी पकडली. तुम्ही गेलात तर खिडकी सोडू नका. वडूजच्या पुढे मोकळा माळ लागतो आणि मला तो उसापेक्षा कितीतरी आवडतो. बायकांना अर्धं तिकीट, म्हणून वाचलेल्या पैशांत विट्याच्या स्टँडवर ऐटीत मिसळ मागवली. ती इतकी जहाल की बैठकीची धास्तीच विसरले. पुढे वडाप, म्हणजे खच्चून भरल्याशिवाय न हलणारी जीप.

वाडीत बहुतेक घरं मेंढपाळांची. कळप एकमेकांत मिसळले तरी ओळखू यावेत म्हणून प्रत्येक घर आपल्या मेंढरांवर रंगाची खूण करतं. कुणाचा तांबडा पट्टा, कुणाचा निळा ठिपका. शेंबडी पोरंही ती लांबून ओळखतात. म्हणून आम्ही दोघींनी प्रत्येक कार्डावर नाव लिहून कोपऱ्यात घरची खूण काढली होती. पोरांनी आल्यावर आपलं कार्ड दोरीला लावायचं, झाली हजेरी.

बैठकीत ठकूबाई नावाच्या एका आईने तोफ डागली. "आवं, खूण बगून उचलत्यात! ह्यात वाचन कुटं हाय?"

मुद्दा बिनतोड होता. ताईंनी मात्र कात्री घेतली आणि खुणांचे सगळे कोपरे कापून टाकले. "आता बगा."

कार्डं सतरंजीवर पसरली. ठकूबाईंचीच पोरगी बायजा पुढे आली. तिने आपलं कार्ड उचलून दोरीला लावलं. मग परत येऊन आणखी एक उचललं आणि बाजूला ठेवलं.

"ही रेश्मा. ती मामाच्या गावाला गेलीया."

मी डोकावून पाहिलं. कार्डावर रेश्माच! मी लहान पोरीसारख्या टाळ्या पिटल्या. ठकूबाई तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. "आगं बया, घरात कवा बोलली न्हाईस!" त्या दिवशी एकाही पोराचं नाव अंगणवाडीतून निघालं नाही. परतताना मी पुन्हा मिसळ खाल्ली.

घरी येऊन आठवडा झाला, तरी तो आनंद उतरत नाही. काल ताईंचा फोन आला. "मॅडम, पुठ्ठा संपला. माझ्याकडनं नावं लिवून घिऊन समदा ठकूबाईंनी नेला. बायजाला सगळ्या मेंढरांच्या गळ्यात नावं पायजेत. आईला वाचाया येत न्हाई, ती कुटलंबी बांधती आन् ही वरडती, 'आये, ह्यावर चंद्री लिवलंय. ही चंद्री न्हवं!'"

मी पुठ्ठ्यांचा गठ्ठा बांधायला घेतलाय.