पार्लरच्या मागची खारी टाकी

नळदुर्गात बसस्टँडच्या मागच्या गल्लीत दीपालीचं ब्यूटी पार्लर आहे. घराची पुढची खोली म्हणजेच पार्लर. तिथून आतल्या खोलीत जायचं दार सदा बंद असतं आणि दारावर मोठ्या अक्षरांत लिहिलंय, 'हेअर स्प्रे, कलर, नेलपेंट लावून आत येऊ नये.' नव्या गिऱ्हाइकाला वाटतं, आत देवघर असणार. पण आत आहे खाऱ्या पाण्याची काचेची टाकी. निळसर उजेड, दोन भगवे-पांढरे मासे आणि दगडांवर डुलणारी जिवंत पोवळी.

समुद्र दीपालीनं आयुष्यात एकदाच पाहिलेला, लग्नानंतर गणपतीपुळ्याला. पण पोवळं तिला भेटलं ते पुण्यात. नखांच्या नक्षीकामाचा कोर्स करायला ती गेली होती आणि क्लासच्या खालच्या हॉलमध्ये अशीच एक टाकी होती. ती साफ करायला अक्कलकोटकडचा विरेश यायचा. एकदा तो पोवळ्याचे कापलेले बारके तुकडे सिरॅमिकच्या चकत्यांवर चिकटवत बसला होता. दीपाली जिन्यातच थांबली.

"हा तर आमच्या नखांचाच गोंद की!" ती म्हणाली.

"तुमचा पातळ, हा घट्ट जेलचा. पण सख्खे भाऊच म्हणा," विरेश हसला.

तिनं पर्समधून चिमटा काढला, शेजारी बसली आणि उरलेले तुकडे तिनंच बसवून दिले. चकती कोरडी करायची, गोंदाचा थेंब ठेवायचा, तुकडा टेकवायचा आणि पाण्यात बुडवून क्षणभर धरायचा. नाजूक काम तिच्या बोटांना नवीन नव्हतं. विरेशनं तिथंच कबूल केलं, "गावाकडं टाकी लावा ताई. तुमचं पाणी पिकलं, म्हणजे काही आठवडे फिरून जिवाला मानवेल असं झालं, की पहिले तुकडे माझ्याकडून."

टाकी आली तेव्हा घरात सगळ्यात जास्त नवल वाटलं ते सासूबाईंना, तारामतीबाईंना. दीपाली त्यांना आत्या म्हणते. अणदूरचं शेत मोठ्या मुलाच्या हवाली करून त्या धाकट्याकडं, रणधीरकडं राहायला आल्या होत्या. फिल्टरच्या गोड्या पाण्यात सून मापानं मीठ मिसळतेय हे पाहून त्या कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"आगं, सारं गाव खारं पाणी गोडं कराय मशिनी बसवतंय, अन् तू गोड्यात मीठ कालवाय लागलीस व्हय?"

"पोवळ्याला खारंच लागतंय आत्या."

"पवळं अंगठीत असतंय. ते काय खातंय-पितंय?"

"हे खातंय. जित्तं हाय हे."

तारामतीबाईंचा विश्वास बसला नाही. पण फिल्टरमधून वाया जाणारं पाणी बादलीत धरून त्यांनी फरशी पुसायला वापरलं. पाणी फुकट गेलेलं त्यांना खपत नाही.

पहिल्या वेळी दीपाली चुकली. विरेशचे तुकडे आणले आणि हौसेनं सगळ्यात वरच्या दगडावर, दिव्याच्या ऐन खाली मांडले. दोन-चार दिवसांत ते पांढरे पडून विरघळले. ती रडली नाही, चिडली मात्र. पुढच्या वेळी तुकडे आधी तळाशी सावलीत ठेवले आणि हळूहळू वर चढवले. "नव्या सुनेला आल्या दिवशीच कुणी चुलीम्होरं बसवतंय व्हय? ह्ये म्या तवाच सांगितलं असतं, इचारलं न्हाय," तारामतीबाई म्हणाल्या. या खेपेला तुकडे जगले. बटणाएवढी हिरवी-नारिंगी, फुलांसारखी पोवळी चकतीवरून दगडावर पसरली. त्यांच्या मधोमध छत्रीसारखं एक पिवळसर मऊ पोवळं, विरेश ज्याला लेदर म्हणायचा, ते वाढत वाढत ताटलीएवढं झालं. गल्लीतल्या बायका ते बघायलाच भुवया करून घ्यायला येतात, असं रणधीर चेष्टेनं म्हणायचा.

रणधीर पवनचक्क्यांच्या देखभालीवर आहे. मे महिन्यात वादळी वाऱ्यानं विजेचे खांब आडवे झाले तेव्हा तो परंड्याकडं कामावर अडकला होता. सकाळी गेलेली लाईट आलीच नाही. इन्व्हर्टरनं पंप दुपारपर्यंत ओढला आणि मान टाकली. टाकीतलं पाणी ठप्प झालं, मासे वर येऊन तोंड वासू लागले. दीपालीला त्याच वेळी एका नवरीच्या मेकअपला जायचं होतं. मुहूर्त काही टाकीसाठी थांबणार नव्हता.

ती तांब्या घेऊन टाकीपाशी आली. "आत्या, पाणी असं उचलायचं अन् उंचावरनं सोडायचं. हवा मिसळली पायजे. म्या येईस्तवर होईल का?"

"हाताला साबण लागलेला न्हाय माझ्या. तू जा," तारामतीबाई म्हणाल्या आणि स्टुलावर बसल्या.

नवरी सजवून दीपाली परत आली तेव्हा ऊन कलंडलं होतं. तारामतीबाई तशाच बसलेल्या, पदर खोचलेला, कोपरापर्यंत ओल्या. तांब्या वर जात होता, धार पडत होती. दोन्ही मासे जिवंत होते. "हात लई भरून आला बघ," त्या म्हणाल्या, पण तांब्या सुनेच्या हातात द्यायला जरा वेळच लावला.

दिवेलागणीला लाईट आली. मात्र उन्हानं पाणी तापायचं ते तापलं होतं. दोन दिवसांनी लेदरची छत्री मिटली आणि देठ बुडाशी काळा, मऊ पडला. हात घातला की कुबट वास.

"आता त्येला हात लावू नगंस," तारामतीबाई म्हणाल्या. "दुखणं हाय, आपसूक उतरंल."

"हे उतरत न्हाय, चढतंय. तसंच ठिवलं तर सगळी टाकी नासंल." दीपालीनं फोन लावला. विरेश म्हणाला, "कापा. सडका भाग पूर्ण सोडायचा, वरचं चांगलं वाचवायचं. चष्मा आणि हातमोजे घाला, त्याचा चीक वाईट."

पार्लरला तिनं कुलूप लावलं. छत्री बाहेर काढली, टाकीतलंच पाणी घेतलेल्या घमेल्यात धरली आणि नवं पातं लावलं. एका झटक्यात देठ वेगळा झाला. मग भाकरीचे चतकोर करावेत तसे छत्रीचे तुकडे केले, चीक जाईपर्यंत खाऱ्या पाण्यात खळबळून घेतले.

खरी अडचण पुढंच होती. त्या बुळबुळीत अंगाला गोंद धरेना. चिकटवावा, तुकडा अंग चोरायचा, चकती सोडून तरंगायचा. दोनदा झालं, तीनदा झालं. दीपालीनं गोंदाची नळी बाजूला ठेवली. उठून पार्लरमध्ये गेली आणि नवरीच्या डोक्यावरून सोडायच्या ओढणीची उरलेली पांढरी जाळी घेऊन आली. खडबडीत दगडावर तुकडा ठेवला, वरून जाळी अलगद ओढली आणि खालून केसाच्या रबरानं बांधली. पोवळं कापलं जाईल इतकं घट्ट नाही, पण सुटणारही नाही.

"पवळ्याचं लगीन लावलंस जनू!" तारामतीबाई म्हणाल्या आणि दुसरी जाळी कापायला कात्री घेऊन बसल्या.

तिनं पाठवलेला फोटो पाहून विरेशचा फोन आला. "जाळीचं कुणी सांगितलं ताई? आमच्यातले जुने लोक असंच करतात."

"कुणी न्हाय. घरातच होती," दीपाली म्हणाली.

अर्धं पाणी बदललं, पंपाचा जोर वाढवला. तुकडे सुरकुतून पडले होते. येणारी-जाणारी प्रत्येक बाई "मेलं ग" म्हणून हळहळायची. दीपालीचं उत्तर ठरलेलं, "वास न्हाय म्हंजी जीव हाय." एक तुकडा खरंच गेला. तो तिनं लगेच काढून टाकला. बाकीच्यांनी अंगावरची मेणासारखी कात सोडली, आणि जून सरता सरता एका सकाळी तारामतीबाईंनी हाका मारून तिला स्वयंपाकघरातून बोलावलं. जाळीच्या भोकांतून बारीक पिवळे हात बाहेर आले होते. दीपालीनं रबर कापलं, जाळी सोडवली. तुकडे दगडाला गच्च धरून होते.

आता तिच्याकडं मागणी येते. तुळजापूरची हर्षाली, तिची जुनी गिऱ्हाईक, नवी टाकी घेतल्याबरोबर तुकडा मागायला हजर झाली.

"आजच दे ना गं. रिकामी टाकी बरी दिसत न्हाय."

"पाणी पिकू दे आधी. मीठ मोजून फोटो पाठव, मग बघू."

हर्षाली रुसली, पण मीठ मोजू लागली. दसऱ्यानंतर दीपाली तिच्याकडं गेली. सोबत तारामतीबाईही होत्या, त्यांना देवीचं दर्शन घ्यायचं होतं. थर्मोकोलच्या डब्यात पिशवी, पिशवीत खारं पाणी आणि दगडासकट तुकडा. दीपालीनं पिशवी आधी टाकीत तरंगत ठेवली, हर्षालीच्या टाकीतलं पाणी थोडं थोडं त्यात मिसळलं आणि दगड स्वतःच्या हातानं तळाशी, सावलीत बसवला.

"एवढ्या खाली? दिसणार पण न्हाय," हर्षाली कुरकुरली.

"ऱ्हाऊ दे तिथंच," तारामतीबाईंनी ठणकावलं. "वर कवा न्यायचं ते आमी सांगू."