भिंतीकडे तोंड करून बसणारे सर

आमच्या सरांइतका डॉक्टरांवर खार खाणारा डॉक्टर उभ्या बीड जिल्ह्यात सापडायचा नाही. गावात काम करायचं तर आधी एकत्र शिका, या हट्टापायी ते डॉक्टरकीची, फार्मसीची, फिजिओथेरपीची आणि माझ्यासारखी नर्सिंगची पोरं एकाच जीपमध्ये कोंबून धारूरकडच्या खेड्यांत न्यायचे. मुक्कामी स्वयंपाकही मिळून करायचा. ‘हे माझं काम नाही’ असं जो म्हणेल त्यानं सगळ्यांची भांडी घासायची. एकदा खुद्द सरांच्याच तोंडून ते वाक्य निसटलं. बाह्या सरसावून त्यांनी कढई घासली आणि वर राख नीट चाळली नाही म्हणून आम्हालाच झापलं.

पेशंट आला की मग तर विचारूच नका. पेशंट मोठा डॉक्टर बघून त्याच्याशीच बोलतो आणि पोरं माठ राहतात, म्हणून सर खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड करून बसत. कान आमच्याकडे. आमचं चुकलं की मान हलायची, आणि मानेवरच्या वळ्या बघून आम्ही पुढचा प्रश्न ठरवायचो. एका आजींना वाटलं, साहेब रुसलेत. त्यांनी घरून चहा आणला आणि नव्या पोरांचं एवढं मनावर घेऊ नये, अशी सरांची समजूत काढली.

मग दसऱ्याच्या सुमारास ऊसतोडीला निघालेली एक बाई आली. तिशीही गाठली नव्हती. अंगावरून फार जात होतं, आणि तिला गर्भपिशवीच काढून टाकायची होती.

“दोन लेकरं झाली. आता पिशवीचं काय काम हाय? पाळी आली की कामाला खाडा पडतो,” ती म्हणाली.

तपासून झाल्यावर आम्ही चौघांनी जीव ओतून सांगितलं, की हे गोळ्यांनी बरं होईल, ऑपरेशनची गरज नाही, उलट पुढे मोळी उचलणं जड जाईल. ती मान डोलावत राहिली. शेवटी तिनं सरांच्या पाठीला विचारलं, तुम्हाला काय वाटतं. सर वळले नाहीत. त्यांनाच विचार, म्हणाले. आमचं एक अक्षरही चुकलं नव्हतं; ती गेल्यावर सर इतके खूश, की त्या दिवशीचं पिठलं त्यांनी स्वतः केलं.

उन्हाळ्यात टोळी परतली तेव्हा ती पुन्हा आली, कंबर धरून. निघायच्या आधीच तिनं कुठल्याशा दवाखान्यात पिशवी काढून घेतली होती. आता अंगाची आग व्हायची, कोयता धरवत नव्हता. तिच्या बोलण्यात राग नव्हता, हेच मला सहन होईना.

“तुमी तोंड फिरवून बसलता, सायब. मला वाटलं, पोरं आपली बोलायलीत, डॉक्टरला काई पटंना झालंय.”

सरांनी खुर्ची फिरवली.

“पटलं होतं गं माय,” ते म्हणाले. “मला पटलं होतं.”

हल्ली सर पेशंटच्या समोर बसतात. पेशंट त्यांच्याशीच बोलतात, पोरं मागे उभी राहतात, आणि सर कुणालाही झापत नाहीत. मला ते जुने हट्टी सर फार आठवतात. ते परत यावेत, असं मात्र म्हणवत नाही.