पाठ केलेली आठवण

व्याकरण मी कॉलेजात शिकले नाही हो. यजमानांच्या नोकरीपायी चंदीगडला आले, पुस्तकं आणून घरीच वाचत बसले. पुढे विद्यापीठात मराठीचा छोटा वर्ग निघाला, शिकवायला कुणी मिळेना, तेव्हा मला बोलावलं. रूपांचे तक्ते मी मुलांकडून घोकून घेत नाही. आधी मनात काय आहे ते बघा, मग त्याला शब्द शोधू, एवढीच माझी रीत. भूक काय आपण करतो? ती लागते. हे उमगलं की 'मी'च्या जागी 'मला' आपोआप येतं. पण अशा शिकवण्यात बोलावं फार लागतं, आणि आता घसा दुपारपर्यंतसुद्धा टिकत नाही.

यंदा वर्ग चालू ठेवायचा की बंद करायचा, हे ठरवायला विभागाचे साहेब मागच्या बाकावर येऊन बसले. मराठी त्यांना येत नाही. म्हणाले, "मॅडम जी, शुरू कीजिए. समझिए मैं हूँ ही नहीं."

मी नेहमीसारखं विचारलं, "आज सकाळी काय वाटलं?"

पहिली मुलगी उठली. "आज सकाळी मला आजीची खूप आठवण आली." कुठे अडखळली म्हणून नाही. दुसऱ्यालाही आजीची आठवण आली. तिसरीलाही. चौथा इथल्याच जवळच्या खरड गावचा. त्याची आजी घरातच असते, रोज त्याला पराठे बांधून देते, त्यालाही आली. मी खडू धरून नुसती उभी. एरवी यांच्याकडून एकेक वाक्य काढताना माझा जीव जातो.

साहेब खूश. "वाह, क्या फ्लुएंसी है. ऐसे ही चलाइए." कागदावर सही केली नि गेले.

मी खुर्चीत बसले. "कुणी लिहून दिलं?"

पहिली मुलगी खाली बघत म्हणाली, "मॅम, मैंने. मेसमध्ये सगळ्यांनी पाठ केलं. वर्ग बंद झाला असता ना."

खरडवाला पुटपुटला, "दादी को पता चला तो मारेगी."

हसू आलं. रागवायला हवं होतं, पण तेवढं बळ अंगात नव्हतं. वर्ग वाचला होता, आणि तो मी इतकी वर्षं जे करू नका म्हणत आले, ते करून.

"बरं, साहेब गेले. आता खरं काय वाटलं, ते सांगा."

मग तीच मुलगी म्हणाली, "भीती."

"कुणाला?"

"सगळ्यांना, मॅम. तुम्हाला पण."

उरलेला तास मी बसूनच घेतला.