पाय धुऊन येऊ नये

मिलिंद गेल्याचा फोन आला तेव्हा मी मोर्शीच्या मळ्यातून येऊन अंगणातल्या नळाखाली पाय धूत होतो. "भाऊजी, डॉक्टर गेले…" त्याची बायको एवढंच म्हणाली. मी नळ बंद करायचाच विसरलो. मिलिंदने पाहिलं असतं तर म्हणाला असता, "धू बे, अजून धू!"

अमरावतीच्या वसतिगृहात आम्ही एका खोलीत होतो. पुढे तो कातडीचा डॉक्टर होऊन मूर्तिजापूरला बसला, मी संत्र्यांत रमलो. बागेत अनवाणी हिंडायची माझी ऐट. डाव्या तळव्यात काटा मोडला, त्याची गाठ झाली, गाठीला तोंडं फुटून पाणी वाहू लागलं. हळद लावली, डिझेल लावलं, मेडिकलवाल्याची ट्यूब लावली, शेवटी शेजाऱ्याने म्हशीसाठी आणलेलं मलमही लावलं. म्हशीला गुण आला. एका मोठ्या दवाखान्यात म्हणाले, गाठ हाडापर्यंत गेली, पाय घोट्यातून काढावा लागेल. तेव्हा कुठे मला मिलिंद आठवला!

त्याच्याकडे जाताना मी पाय साबणाने घासघासून धुतला, नवी पट्टी बांधली. पाहुण्यालाही आधी पाय धुवायला पाणी देणारी आपण माणसं, डॉक्टरपुढे घाण पाय कसा न्यायचा? त्याने जखम कोरली, निघालं ते काचेवर घेतलं आणि काच खिडकीतल्या मायक्रोस्कोपखाली धरली. लाईटचा भरवसा नाही म्हणून त्याने जुना, आरशावर ऊन घेऊन चालणारा मायक्रोस्कोप ठेवला होता. काही दिसलं नाही. पुढच्या खेपेला मी आणखी घासून गेलो. पुन्हा काही नाही. तिकडे ऑपरेशनची तारीख जवळ येत होती. मग तो भडकला.

"काय बे, पाय आणला का पूजेचं ताट? मले त्यातली घाण पायजे, अन् तू धुऊन धुऊन नालीत सोडून राहिला!"

"मंग तसाच येऊ? लोक काय म्हनतीन?"

"लोकाइचे पाय शाबूत हायेत. तू तुया पाय पाह्य."

त्याने स्वतः पट्टी बांधली आणि बुधवारपर्यंत तिला हात लावायचा नाही, असं बजावलं. बुधवारी एसटीत शेजारचा माणूस उठून गेला. बायको तर आधीच पुढच्या सीटवर बसली होती. मिलिंदने पट्टी सोडली आणि त्याचा चेहरा खुलला. कापडाला मोहरीहून बारीक काळे दाणे चिकटले होते. एक दाणा त्याने काचेवर चिरडला, आरशात ऊन घेतलं, बराच वेळ पाहत राहिला… मग माझी मान धरून डोळा भिंगाला लावला. तपकिरी धाग्यांचा गुंता!

"बुरशी हाय. काट्यासंगं मातीतून गेली आत. लय दिवस गोळ्या खायच्या, जराशी गाठ काढू. पन पाय राहीन बे तुया."

अकोल्याच्या लॅबनेही तेच सांगितलं. पाय राहिला. त्याच महिन्यात दवाखान्याच्या दारावर पाटी लागली: 'जखम किंवा पाय धुऊन येऊ नये.' आणि मला 'कसा आहेस' विचारणं त्याने कायमचं सोडलं. भेटलो की, "पाय दाखव." माझ्या पोरीच्या लग्नात नव्या व्याह्यांसमोर त्याने मला मोजडी काढायला लावली होती.

गेल्या आठवड्यात वहिनींनी दवाखाना आवरायला बोलावलं. पाटी अजून होती. मी मळ्यातून तसाच निघालो होतो. खिडकीतल्या आरशावर ऊन आलं होतं, खाली पाय ठेवायचं ते स्टूल. मी तिथेच घुटमळलो.

"ठेवा ना भाऊजी," वहिनी म्हणाल्या.

मी चप्पल काढली आणि डावा पाय स्टुलावर ठेवला. मातीसकट.