केशर वेळीप, विमल गुरव आणि मधून गेलेला चेंडू

१९ डिसेंबर १९९३ रोजी धारवाडमध्ये टेनिसच्या महिला दुहेरीचा अंतिम सामना केशर वेळीप आणि विमल गुरव यांनी तिसऱ्या सेटमध्ये गमावला. निकाल त्या वेळच्या दैनिकात दोन ओळींत छापलेला आहे. एवढे पडताळता येते. त्याआधी सलग दोन वर्षे ही जोडी विभागीय विजेती होती. त्यानंतर दोघी एकत्र खेळल्या नाहीत. एकेरीत दोघींनाही गती नव्हती, त्यामुळे त्या दिवशी दोघींचाही खेळ संपला.

दोघी जोयड्याच्या शाळेत शिकल्या. विमलताई एक वर्षाने मोठ्या, रामनगरच्या व्यापाऱ्याच्या घरच्या. केशरबाई उळवीच्या रस्त्यावरच्या एका कुणबी वस्तीतल्या. गणेशगुडीला धरणाच्या वसाहतीत टेनिसचे मैदान होते. तिथे त्यांनी रॅकेट धरली. काम संपल्यावर वसाहत रिकामी झाली, मैदानावर रान वाढले, आणि सराव केशरबाईंच्या वडिलांच्या खळ्यावर सुरू झाला.

शेणाने सारवलेले खळे टणक असते. चेंडू बरा उसळतो. पण खळ्याच्या मधोमध मेढ होती, मळणीचे बैल ज्याच्याभोवती फिरतात तो खांब. तिची पूजा झालेली असते, भात घरी जाईपर्यंत ती उपटत नाहीत. मुलींनी जाळे त्या मेढीलाच बांधले. मेढीला पाय लागू द्यायचा नाही, तसा चेंडूही लागू द्यायचा नाही, असे वडिलांनी बजावले होते. त्यामुळे समोर खेळणारे केशरबाईंचे भाऊ मधून कधी मारत नसत. मेढीमुळेच जोडी विजेती झाली, असे वस्तीत आजही अभिमानाने सांगतात. उपलब्ध माहिती उलट दिशेला जाते. दोघींच्या मधून येणारा चेंडू कोणी घ्यायचा, हे त्यांनी कधी ठरवलेच नव्हते. धारवाडला शेवटचा गुण तसाच गेला. दोघी जागच्या जागी उभ्या राहिल्या.

जानेवारी २०२४ मध्ये तालुक्यातल्या क्रीडाप्रेमी मंडळाने केशरबाईंचा सत्कार ठरवला. मंडळाचे चिटणीस संदीप निमंत्रण घेऊन आले, तेव्हा त्या म्हणाल्या, "दोघींचा असंल तर येते. न्हाईतर न्हाई." विमलताईंचा पत्ता मंडळाकडे नव्हता. केशरबाई स्वतः रामनगरला गेल्या. ही हकीकत लिहिण्यासाठी मीही सोबत गेले होते.

बाजारात विमलताईंचे भांड्यांचे दुकान आहे. त्यांनी आधी हातातले गिऱ्हाईक संपवले.

"काय पायजे? कुकर का कढई?"

"तू पायजेस, अक्का. रविवारी जोयड्याला सत्कार हाय."

"तुझा हाय. मला कुणी बलावलंय?"

"मी आले ती काय कढई घ्यायला व्हय?"

"तीस वर्सांनी आलीस. वाट चुकलीस?"

"कपावर दोघींची नावं हाईत. एकटी गेले तर लोक म्हणतील, दुसरी मेली."

"मेलीच समज." विमलताई कढई पुसू लागल्या. मग मान वर न करता म्हणाल्या, "त्या दिवशी मी 'घे' म्हणाले होते."

"न्हाई म्हणालीस."

"म्हणाले होते गं!"

"तोंडसुद्धा उघडलं न्हाईस. पंचाला विचार."

"पंच मेला."

दोघींनाही हसू येईल असे क्षणभर वाटले. आले नाही.

"ते राहू दे आता," केशरबाई म्हणाल्या. "ये."

"राहू कसं दे? त्याच्यापायी खेळ सोडला मी."

"आणि मी काय खेळत बसले?"

विमलताईंनी कढई फळीवर ठेवली. परतीच्या बसमध्ये केशरबाई एवढेच म्हणाल्या की विमल आली नाही, तर आपणही शाल घेणार नाही.

२८ जानेवारीला कार्यक्रमात केशरबाईंचे नाव पुकारले गेले. त्या पहिल्या रांगेतून उठल्या नाहीत. संदीप खाली वाकून विनवू लागले. "दुसरं नाव घ्या," त्या म्हणाल्या. लोक कुजबुजले. संदीपनी नाव घेतले, आणि मंडपाच्या मागच्या खांबापाशी उभ्या असलेल्या विमलताई पुढे आल्या. त्या कधी आल्या होत्या, कोणी पाहिले नव्हते.

दोघी व्यासपीठावर चढल्या. शाल एकच आणलेली होती. "अक्काच्या खांद्यावर घाला, थोरली हाय ती," केशरबाईंनी सांगितले. विमलताईंनी नको म्हटले नाही. खाली उतरताना केशरबाईंनी हात पुढे केला. विमलताईंनी तो पायरीपुरता धरला आणि सोडला. मग रामनगरची बस पकडून त्या निघून गेल्या. शाल अंगावरच होती.

"आली," केशरबाई म्हणाल्या.

अखेरच्या गुणाच्या वेळी 'घे' असा शब्द उच्चारला गेला होता का, हे ठाऊक नाही. दोघींची साक्ष परस्परविरोधी आहे आणि तिसरा साक्षीदार, म्हणजे पंच, हयात नाही. तो चेंडू कोणाच्या बाजूला होता, याचे छायाचित्र सापडलेले नाही. विमलताई त्या दिवशी सत्कार घ्यायला आल्या होत्या की केशरबाई एकट्या वर जातात का, हे बघायला, याचे उत्तर त्यांनी दोनदा विचारूनही दिले नाही. दोघी त्यानंतर एकमेकींशी बोलल्या आहेत की नाहीत, हेही मला माहीत नाही.