पिणाऱ्याला ओलांडू नये

अपोलोनिया मावशी तापट आहे असं लोक म्हणतात. साफ खोटं! ती खरी आहे, एवढंच. तिच्या जागी मी असते तर त्या दिवशी कुणाचं तरी टाळकंच फोडलं असतं.

आमच्या वाळवंटात, कुइसेब नदीच्या काठी, पाऊस कुणाच्या बापाने पाहिलाय? समुद्रावरून धुकं येतं, तेवढंच. धुक्याच्या पहाटे काळे भुंगे वाळूच्या टेकाडाच्या माथ्यावर चढतात आणि डोकं खाली, ढुंगण वर करून उभे राहतात. पाठीवर धुकं साचतं, थेंब ओघळून तोंडात येतो. ते पिऊन उतरेपर्यंत आमच्यातलं कुणी माथ्यावर पाऊल ठेवत नाही. नाराच्या काटेरी झुडपांची फळं तोडायला जायचं असलं तरी लांबून वळसा घालायचा. पिणाऱ्याला ओलांडायचं नाही, बस्स.

आणि मावशीचाच पोरगा, गॉटलिब! शहरातल्या एका मालकाकडे कामाला लागला. चार चाकांच्या मोटारसायकलींवर पाहुण्यांना वाळूत फिरवायचं. एकदा भर धुक्यात त्याने सगळी वरात माथ्यावरून नेली. मावशी नंतर नारा तोडायला निघाली, तर चाकांच्या खुणांत भुंगे चिरडलेले. डोकी अजून खालीच.

दुपारी स्वारी घामाघूम घरी आली. "आई, पाणी दे गं, घसा सुकलाय." मावशीने पेला भरून दिला. त्याने तो ओठाला लावला मात्र, तिने काठीने फाडकन उडवला. पाणी वाळूत गेलं. भांडी विसळलेलं पाणीसुद्धा गाढवाला ठेवतात त्या घरात!

"डोकं फिरलं का तुझं? पाणी होतं ते!"

"त्यांचंही पाणीच होतं, मेल्या!"

"भुंग्यांसाठी माझ्या पोटावर पाय देतेस? मालकाला गाड्या माथ्यावरूनच हव्यात. नाही म्हटलं तर हाकलेल मला."

"हाकलू दे! आज भुंगे, उद्या नाराची झुडपं. परवा मी आडवी आले, तर मलाही तुडवशील पगारासाठी?"

तो सुकल्या तोंडाने तिथेच बसून राहिला. पुढच्या धुक्याला त्याने गाड्या टेकाडाखाली थांबवल्या, आणि नोकरी गेली. मालकाने लगेच दुसरा माणूस ठेवला. हरामखोर कुठला!

आता धुकं आलं की मायलेक माथ्याच्या अलीकडे वाट अडवून बसतात. गाड्या दिसल्या की मावशी काठी उगारते, आणि गॉटलिब अशा शिव्या घालतो की तिलाच कान झाकावे लागतात.